आमिष आणि विनोद

आमच्या घरात मासे खाल्ले जातात; मासे धरले मात्र कधी कोणी नाहीत. मूळचे आम्ही कारवारकडचे, कुलदैवत गोव्यात. वडील बँकेच्या नोकरीनिमित्त बिदर जिल्ह्यात आले, बसवकल्याणला घर केले आणि समुद्र आमच्यापासून कायमचा दूर राहिला. तरीही आईचे सोमवार, एकादशी आणि श्रावण वगळले, तर बाजारात मिळेल तो गोड्या पाण्यातला मासा आमच्या ताटात येतो. त्याविषयी घरात कोणाच्या मनात कधी किंतु आला नव्हता. तो आणला गेल्या दसऱ्याला माझ्या भाच्याने.

हा भाचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात राहतो. तो पूर्ण शाकाहारी आहे. आमच्याकडे असताना माशाच्या वासानेही त्याला कसेसे होई. परंतु आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्या मेजाच्या कडेला, पक्षकारांच्या कागदांशेजारी, एक लहानसा शिकंजा बसविला. त्यात लांब दांड्याचा गळ घट्ट पकडला आणि रेशमी धाग्याने त्यावर पिसे व केस बांधू लागला. मध्येच उठून त्याने आजीकडे जुन्या लुगड्याची थोडी जर मागितली. नातवाने काही मागितले याचेच तिला अप्रूप. तिने ट्रंक उघडून जर उसवून दिली. ती जर गळाच्या दांड्यावर गुंडाळली जाताना पाहून तिने विचारले, "हें कित्याक?"

त्याने समजावून सांगितले. पाण्यात ओढले की हे लहान माशासारखे दिसते; मोठा मासा त्यावर झडप घालतो आणि गळाला लागतो. "मग तो खातोस?" "नाही आजी, लगेच सोडून देतो. मारत नाही." आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पोटाखातीर मारल्यार तें नुस्तें, खेळाखातीर धरल्यार तो जीव." आणि उरलेली जर तिने पुन्हा ट्रंकेत ठेवून दिली.

भाचा हसला, पण ते हसणे खरे नव्हते. रात्री तो मला म्हणाला, "मामा, तुम्ही वकील आहात. आजी खाते, पण धरत नाही. मी धरतो, पण मारत नाही. आता सांगा, आरोपी कोण?"

या प्रश्नाला मी त्या रात्री जे उत्तर दिले, ते वकिली उत्तर होते, म्हणजे दोन्ही पक्षांना खूश ठेवणारे. पुढे विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या खटल्यात मी वकीलही नाही आणि न्यायाधीशही नाही. पण ते योग्य ठिकाणी सांगेन. प्रथम मूळ वस्तूची ओळख वाचकांना करून देणे अवश्य आहे.

गळावर पिसे बांधून माशाला फसविण्याची विद्या जुनी आहे. इसवी सन 200 च्या सुमारास इलियन या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिला कोंबड्याची दोन पिसे बांधीत. मासा ती माशी समजून गिळी. म्हणून या बांधणीला आजही इंग्रजीत 'फ्लाय' म्हणजे माशीच म्हणतात. माझा भाचा बांधीत होता तो त्यातलाच एक प्रकार, स्ट्रीमर. याचे सोंग किड्याचे नसून लहान माशाचे असते. दांडा लांब, त्यावर चकाकणारी जर, वर हरणाच्या शेपटीचे केस किंवा कोंबड्याची लांब पिसे. पाण्याच्या ओढीने ती मागे लवलवतात आणि कोरडेपणी निर्जीव दिसणारी वस्तू पाण्यात जिवंत होते. अमेरिकेतील मेन राज्यात बायकांच्या टोप्या करणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स या बाईंनी 1 जुलै 1924 रोजी आपण बांधलेला असा एक स्ट्रीमर पाण्यात टाकला आणि सुमारे तीन किलो वजनाचा ट्राउट जातीचा मासा बाहेर काढला. टोपीवर पिसे बसविणारी बोटे गळावर पिसे बसवू लागली आणि त्यांचा 'ग्रे घोस्ट' हा स्ट्रीमर जगभर प्रसिद्ध झाला.

या ग्रे घोस्टच्या दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे दिसणारे एकेक पीस असते. ते पीस आपल्याकडच्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरचे. सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या रानांत राहणारा हा पक्षी. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळट पांढरे ठिपके असतात. त्या ठिपक्यांसाठी हजारो मैलांवरच्या गळांकरिता त्याचे कातडे येथून जात असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले आणि आता परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात. परंतु मला वाटले, पाण्यात सोडून दिलेल्या माशाचा हिशेब आपण मांडतो, तेव्हा रानात मेलेल्या पक्ष्याचा हिशेब कोणत्या वहीत असतो? भाच्याने ही गोष्ट ऐकली आणि आपल्या डबीतली दोन पिसे बाजूला काढून ठेवली. ती पाळीव पक्ष्याची होती, तरीही ठेवली.

आता स्टीलहेडविषयी. ट्राउटच्याच एका जातीचे काही मासे नदीत जन्मून समुद्रात जातात, तेथे वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या नदीत येतात. त्यांना स्टीलहेड म्हणतात. समुद्रातून नदीत शिरल्यावर हा मासा फारसे खात नाही. अंगात साठविलेल्या बळावर तो महिनोन्महिने काढतो. आणि तरीही डोळ्यांसमोरून स्ट्रीमर गेला, की कधी कधी तो त्यावर तुटून पडतो. भूक नाही, तरी झडप आहे. जुनी सवय म्हणा, राग म्हणा, कुतूहल म्हणा. कारणाविषयी जाणत्यांचे एकमत नाही. ज्याला भूक आहे त्याला आमिषाने पकडणे आपण समजू शकतो. ज्याची भूक संपली आहे, त्याच्या आत उरलेल्या एका अनाम ओढीला हात घालणे, हा या खेळाचा खरा गाभा आहे. भाच्याच्या बोलण्यात सर्वांत अधिक आनंद या ठिकाणी येई आणि मला सर्वांत अधिक अस्वस्थता याच ठिकाणी वाटे.

हे सारे परदेशी खूळ आहे, असे म्हणून मोकळे होण्याची सोय आम्हा बसवकल्याणकरांना नाही. चालुक्यांची राजधानी कल्याण ती हीच. येथेच भूलोकमल्ल तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता आणि 1129 च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, म्हणजे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे व टिकवावे येथपासून काय खावे, काय ल्यावे, मन कसे रमवावे येथपर्यंत. त्याच्या चौथ्या विंशतीत वीस विनोद आहेत आणि त्यांत एक मत्स्यविनोद. मासे समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणाला कोणते खाद्य घालावे. काठी, दोरी आणि गळ कसा असावा, हे सारे राजाने बारकाईने सांगितले आहे. 1951 साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर ज्या कोटाचे अवशेष उभे आहेत, त्या नगरीच्या राजाने गळ टाकण्याचे शास्त्र लिहिले आहे, हे ऐकून भाच्याला मोठा आधार वाटला. "पाहिलंत मामा, ही तर आपलीच परंपरा!"

परंतु परंपरेला साक्षीला बोलाविले, की तिची उलटतपासणीही व्हावयास हवी. सोमेश्वराने या प्रकरणाला 'विनोद' हे नाव दिले. आज आपण विनोद म्हणजे थट्टा समजतो. राजाच्या शब्दात त्याचा अर्थ मनाचा विरंगुळा. भुकेचा येथे संबंध नाही. स्वयंपाकाचा विषय ग्रंथात निराळ्या ठिकाणी आहे. म्हणजे माझ्या आईने जी रेषा ओढली, पोट एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, ती राजानेही ओढली होती. राजा निःसंकोचपणे दुसऱ्या बाजूला उभा राहिला, एवढेच.

याच कल्याणात, सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या काळात, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. हिंदू वारसाहक्काच्या प्रत्येक दाव्यात आम्ही वकील जिचे नाव घेतो, ती हीच. तिच्या प्रायश्चित्ताच्या भागात वधाचा दोष कोणाकोणाला लागतो याचा विचार आहे. प्रत्यक्ष करणारा, करविणारा, संमती देणारा, साहाय्य करणारा, निमित्त होणारा, असे अनेक जण त्यात येतात. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय तर मांस विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांनाच घातक म्हणतो. म्हणजे आजी सुटत नाही, आणि बाजारातून पिशवी घेऊन येणारा मीही सुटत नाही. शिवाय तो सोमेश्वर गेल्यावर काही दशकांतच याच नगरीत बसवण्णांनी, दयेवाचून धर्म तो कसला, असा प्रश्न उभा केला. ज्या गावाच्या मातीत राजाचा विनोद आहे, त्याच मातीत त्या विनोदाला विचारलेला प्रश्नही आहे.

धर्मशास्त्रानंतर आजचा कायदा पाहू. भारतीय न्याय संहितेच्या 318 व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. फसविली जाणारी ती 'व्यक्ती' असावी लागते. मासा व्यक्ती नव्हे. तेव्हा खोट्या माशाने खऱ्या माशाला फसविणे हा गुन्हा होत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा मात्र माणसाखेरीज प्रत्येक जिवंत प्राण्याला 'प्राणी' म्हणतो. त्यात मासा येतो. तो कायदा अन्नासाठी होणाऱ्या वधाला सूट देतो. अट एवढीच, की त्यात अनावश्यक वेदना नसावी. येथे पुन्हा 'आवश्यक' आणि 'अनावश्यक' हाच भेद, म्हणजे आईचाच भेद.

परदेशांत तर गंमत आहे. भाच्याच्या राज्यात पुष्कळ नद्यांवर रानटी स्टीलहेड धरला तर तो सोडलाच पाहिजे. मारला तर दंड. केंद्रात वाढवून सोडलेल्या माशाचा शेपटीजवळचा लहान पर कापलेला असतो, त्यावरून ओळख पटते. तो तेवढा घरी नेता येतो. उलट स्वित्झर्लंडच्या 2008 च्या प्राणिसंरक्षण अध्यादेशाने, सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरणे निषिद्ध ठरविले. त्यांचे म्हणणे असे, की खायचा नसेल तर त्याला छळता कशाला? एका देशात मारणे गुन्हा, दुसऱ्या देशात न मारण्याच्या हेतूने धरणे गुन्हा. दोन्ही कायदे दयेपोटीच झाले आहेत. पहिल्याची दया माशांच्या वंशावर आहे. दुसऱ्याची गळाला लागलेल्या त्या एका माशावर. वंश आणि व्यक्ती यांत दया कोणावर आधी करावी, हे कायदा परस्पर ठरवू शकत नाही.

मग मी दर्शनाकडे वळलो. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसा जाती, देश, काल आणि समय यांच्या मर्यादेपलीकडे गेली म्हणजे ती महाव्रत होते, असे सांगितले आहे. व्यासभाष्यात त्यावर पहिलाच दाखला आहे तो मासे मारणाऱ्याचा. त्याची हिंसा माशांपुरती. इतरत्र तो हिंसा करीत नाही. ही जातीने मर्यादित अहिंसा. तीर्थात मारणार नाही, ही देशाने मर्यादित. चतुर्दशीला वा पुण्यदिवशी मारणार नाही, ही कालाने मर्यादित. देवकार्याखेरीज मारणार नाही, ही समयाने मर्यादित.

हे वाचताना मला आपली सारी माणसे त्यात दिसू लागली. शृंगेरीच्या घाटावर तुंगेतल्या माशांना आपण चुरमुरे घालतो आणि कोणी त्यांना हात लावीत नाही; महाडजवळ वाळण कोंडीतल्या काळ नदीच्या डोहात देवीचे मासे आहेत. ही देशाची मर्यादा. अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा दिली. त्याच अशोकाचे दुसरे शिलालेख आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नतीला मिळाले आहेत. माझ्या आईचे सोमवार आणि श्रावण हे त्याच रांगेतले. ही कालाची मर्यादा. आम्ही महाव्रती नाही. पण अगदी बेबंदही नाही. आमची अहिंसा कुंपण घातलेल्या लहानशा शेतासारखी आहे. शेत लहान आहे याची लाज वाटावी, कुंपण आहे याचे समाधान असावे.

भाच्याने या चार मर्यादांत एक पाचवी घातली आहे: मृत्यूच्या अलीकडे थांबेन. तिला मी तुच्छ मानीत नाही. परंतु त्याच भाष्यात पुढे हिंसेची तीन मुळे दिली आहेत. लोभाने केलेली, मांसासाठी आणि कातड्यासाठी. क्रोधाने केलेली, याने मला अपाय केला म्हणून. मोहाने केलेली, यातून मला धर्म लाभेल म्हणून. या तिहींत सोमेश्वराचा विनोद कोठे बसतो? मासा सोडून देणाऱ्याला मांसाचा लोभ नाही. माशाने त्याचे काही बिघडविले नाही, म्हणून क्रोधही नाही. उरला मोह. माझी समजूत अशी झाली, की विनोद मोहातच येतो. कारण विनोद करणाऱ्याला दुसऱ्याची धडपड धडपड म्हणून दिसतच नाही. त्याला ती रंगत वाटते. दोरी ताणली जाते, काठी वाकते, आणि पलीकडच्या टोकाला जे मरणभय आहे ते अलीकडच्या टोकाला आनंद होऊन पोचते. एकाच दोरीवर इतके परस्परविरुद्ध अर्थ दुसरीकडे क्वचितच असतील.

लोभाला निदान पोटाची सीमा आहे. मासे खाणारा दोन तुकडे खाऊन उठतो. विनोदाला स्वतःची सीमा नाही. एक मासा सोडला की दुसरा धरावासा वाटतो, आणि सोडल्यामुळे मन निर्मळ राहते म्हणून तिसराही. पोटासाठी मारणाऱ्याला त्याची भूक थांबविते. खेळासाठी धरणाऱ्याला स्वतःच थांबावे लागते.

भाच्याने याला जे उत्तर दिले तेही मांडले पाहिजे. एकाच बाजूची कैफियत ऐकून निकाल देऊ नये. तो म्हणाला, "मामा, आजीचा मासा कुठल्या जाळ्यातून आला, त्या जाळ्यात आणखी काय काय मेलं, हे तिनं कधी पाहिलं नाही. मी माझा मासा हातात धरतो, थंड पाण्यात ओल्या हातानं. गळाचा उलटा काटा मी आधीच दाबून टाकतो. नदीवर धरण बांधायचं ठरलं तर विरोध करायला आम्ही गळवाले पुढे असतो, कारण नदी आमच्या ओळखीची असते. ज्यांना ओळख नाही त्यांची दया कागदावर राहते." यातले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. सोडलेल्या माशांपैकी काही मागाहून मरतात, हेही त्याने आपण होऊन सांगितले. वेदनेविषयी मी विचारले, तेव्हा त्याने 2003 साली स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत झालेल्या प्रयोगांचा उल्लेख केला. तेथे लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ट्राउट माशाच्याच तोंडावर इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू आढळले. ओठांत दाहक द्रव्य टोचलेले मासे तळच्या खड्यांवर ओठ घासताना दिसले. माशाला आपल्यासारखे दुःख होते काय, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. पण वाद आहे तोवर संशयाचा फायदा आरोपीला द्यावयाचा की माशाला?

येथवर मी मोठ्या ऐटीने विचार करीत होतो. मग एका रात्री सोमेश्वराच्या मत्स्यविनोदात माशांना घालावयाच्या खाद्याची वर्णने आहेत, त्यांचा विचार करता करता मला माझाच एक जुना दिवस आठवला.

पंधरा वर्षांपूर्वीचा जमिनीचा दावा. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार एक म्हातारा शेतकरी होता. त्याची साक्ष खरी होती. हे मला त्या वेळीही ठाऊक होते. मी उलटतपासणीस उभा राहिलो तो त्याच्या बैलांची विचारपूस करीत. दुष्काळाचे वर्ष, विहिरीचे पाणी, मुलीचे लग्न. वीस मिनिटे मी त्याला नुसते चारत होतो. म्हातारा खुलला. मोठ्या न्यायालयात कोणीतरी आपले ऐकून घेत आहे, याचे सुख त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग त्याच मायेच्या आवाजात मी एक तारीख सुचविली आणि मला दुखवू नये म्हणून तो "व्हय" म्हणाला. दुसरी सुचविली, पुन्हा "व्हय". त्याच्या सरतपासणीशी त्या तारखा जुळत नव्हत्या. साक्ष अविश्वसनीय ठरली आणि माझा पक्षकार जिंकला. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारण्याची कायद्याने मुभा आहे; मी कोणताही नियम मोडला नाही. बाहेर व्हरांड्यात म्हातारा मला भेटला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, लई मायेनं इचारलं बघा तुमी." त्याला काय झाले हे अजून कळले नव्हते. आणि मला, खरे सांगतो, त्या दिवशी पैशापेक्षा त्या कसबाचाच आनंद अधिक झाला होता. ज्या क्षणी त्याने दुसऱ्यांदा "व्हय" म्हटले, तेव्हा दोरी ताणल्याची जी थरथर भाचा वर्णन करतो, ती माझ्या हाताला जाणवली होती.

माझ्या आईने भाच्याला जे सुनावले ते ऐकताना मला जी टोचणी लागली होती, तिचे मूळ हे होते. त्या माणसाचा मी जीव घेतला नाही. त्यालाही मी सोडूनच दिले.

म्हणून त्या खटल्यातला माझा निष्कर्ष आता असा आहे. मेला की नाही, एवढ्यावर अहिंसेचा हिशेब संपत नाही. दुसऱ्याची भूक, त्याची भाबडी ओढ, त्याचा विश्वास, यांना आपण आपल्या करमणुकीचे साधन केले काय, हा प्रश्न मागे उरतोच. माझी आई खाणारी म्हणून दोषी आहे, पण तिने माशाच्या विश्वासाशी खेळ केला नाही. भाच्याने जीव वाचविला, पण खेळ केला. आणि मी तर माणसाशी केला.

हे मी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने ऑरेगॉन राज्यातील ली स्पेन्सर या गृहस्थांची गोष्ट सांगितली. नॉर्थ अंपक्वा नदीच्या एका ओढ्यात, स्टीमबोट क्रीकवर, उन्हाळ्यात स्टीलहेड एका थंड डोहात विसावतात. चोरून मासे मारणारे तेथे येऊ नयेत म्हणून स्पेन्सर वर्षानुवर्षे त्या डोहाकाठी राखण करीत राहिले. तेही गळाने मासे धरणारे. पण त्यांनी आपल्या गळांची टोके तोडून टाकली. मासा झडप घालतो, क्षणभर दोरी थरथरते आणि तो आपल्या वाटेने जातो. "मला ते वेड वाटायचं," भाचा म्हणाला.

तो परत जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्रिपुरांत तलावावर गेलो. ज्यांच्याकडे मासेमारीचा ठेका होता त्यांना विचारून घेतले. आजीच्या जरीचा तो स्ट्रीमर त्याने डबीतून काढला, चिमट्याने गळाचे टोक मोडले आणि दोरी फेकली. बराच वेळ काही झाले नाही. मग काठच्या गवतातून एक मरळ उसळला, पाणी फुटले, काठी एकदा वाकली आणि सरळ झाली. भाचा माझ्याकडे पाहून हसला. या वेळचे हसणे खरे होते. मला वाटले, प्रश्न सुटला.

घरी येऊन त्याने आजीला सगळे सांगितले. टोक नव्हते, रक्त नाही, जखम नाही, मासा तसाच गेला. ती ऐकत होती. भाजी निवडता निवडता तिने विचारले, "तरी ताका फटयलोच मरे?" तरी त्याला फसविलेसच ना?

या प्रश्नाला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते. गळाचे टोक मोडता येते. फसवणुकीचे टोक मोडणे अधिक कठीण आहे. भाचा गेल्यावर तिने तो स्ट्रीमर माझ्या मेजावरून उचलला नाही. मीही उचलला नाही. कलबुर्गीच्या न्यायालयात उलटतपासणीला जाण्याच्या सकाळी मी कागद गोळा करतो तेव्हा तो समोर दिसतो. आजच्या साक्षीदाराच्या तोंडून सत्य निघावे म्हणून मी विचारणार आहे, की त्या थरथरीसाठी, असे मी स्वतःला विचारतो. नेहमीच मनाजोगते उत्तर मिळते असे नाही. पण आता विचारल्याशिवाय उंबरा ओलांडवत नाही.